‘रक्तातच आहे’ म्हणण्यापूर्वी

१९९१ सालची गोष्ट. मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत कर्जाचे काम पाहत होतो. गावाबाहेर हमरस्त्यालगत एका गृहस्थाने जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे वितळवण्याचा छोटा धंदा सुरू केला होता. आम्ही त्याला पंचवीस हजारांचे कर्ज दिले होते आणि दर तीन महिन्यांनी मला तिथे पाहणीला जावे लागे.

घरामागे पत्र्याची शेड. पुढे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांची रास. कुऱ्हाडीने बॅटरी फोडायची, आतले तेजाब गटारात ओतायचे, शिशाच्या प्लेटी उपसायच्या आणि मोठ्या कढईत वितळवून त्यांच्या लगडी पाडायच्या, असा सगळा व्यवहार. भट्टीची राख घरातल्या बायका चाळत बसत, कारण राखेतही शिशाचे मणी सापडत. त्याच राखेत मालकाचा सहा-सात वर्षांचा मुलगा खेळत होता. मी लगडी मोजत असताना त्याने एकाएकी धाकट्या बहिणीला असे काही बदडायला सुरुवात केली, की दोन माणसांनी धावत जाऊन त्याला ओढून काढावे लागले. चहा घेऊन आलेली त्याची आजी ओशाळून म्हणाली, “काय करावं साहेब, लई डोक्यात राख घालून घेतंय. आज्यावर गेलंय. रक्तातच हाय त्याच्या.”

मी हसलो, चहा घेतला आणि अहवालात ‘माल पुरेसा, व्यवसाय समाधानकारक’ असे लिहून सही केली. त्या कर्जाचा हप्ता कधी चुकला नाही. आमच्या लेखी ते उत्तम खाते होते.

पुढे कित्येक वर्षांनी, एका कादंबरीच्या निमित्ताने शिसे या धातूविषयी वाचायला घेतले, तेव्हा आजीचे ते वाक्य आठवले आणि अंगावर काटा आला. त्या मुलाच्या रक्तात काहीतरी असण्याची दाट शक्यता होती. फक्त ते आजोबांकडून आलेले नव्हते. ते समोरच्या कढईतून येत होते.

राग आणि रक्त

रागाची आणि रक्ताची सांगड आपल्या भाषेने फार पूर्वीच घातली आहे. कुणाचे रक्त सळसळते, कुणाचे उसळते, कुणाचे तापते. भाषा बोलते ते अगदीच निराधार नाही. जेवायला दोन तास उशीर झाला की घरातला कर्ता पुरुष कसा खेकसू लागतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. रक्तातली साखर उतरू लागली की ती वर आणण्यासाठी शरीर अॅड्रिनलिन हे द्रव्य सोडते. हेच द्रव्य संकटाच्या वेळी आपल्याला लढायला किंवा पळायला तयार करते. त्यामुळे छाती धडधडते, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाची साखर फार उतरली, तर तो एरवी गरीब गाय असला तरी अंगावर धावून येऊ शकतो. घरच्यांनी तोंडात साखर घातली की थोड्या वेळाने पुन्हा आपला माणूस परत मिळतो. थायरॉईड ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करू लागली, तरीही माणूस उगाचच कातावतो. औषध सुरू झाले की बरेच ताळ्यावर येते.

ही सारी तात्पुरती वादळे. रक्त सुधारले की स्वभाव सुधारतो. शिशाची गोष्ट निराळी आहे. ते रक्तात येते आणि मेंदूची घडण चालू असतानाच तिथे हात घालते. पुढे रक्त स्वच्छ झाले, तरी घडणीत राहिलेली उणीव पुरती भरून निघत नाही.

याचे कारण असे, की आपल्या शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट ओळखता येत नाही. कॅल्शियमसाठी उघडलेल्या दारांतून शिसे आत शिरते. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जे बोलतात, त्यात कॅल्शियमचे काम मोठे. तिथे हा तोतया जाऊन बसतो. उरलेले शिसे हाडांत आणि दातांत साठते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते, हाडांतले मात्र वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. शिवाय पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढा हिस्सा शोषते, त्याच्या चार-पाच पट लहान मूल शोषते. मूल उपाशी असेल, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आणखीच जास्त. म्हणजे हे विष गरिबाच्या घरी अधिक मुरते.

एका कारखान्यातले वेड

शिशाने माणूस बिथरतो हे जगाने उघड्या डोळ्यांनी पाहिले ते १९२४ सालच्या ऑक्टोबरमध्ये. मोटारीचे इंजिन ठोके न देता सुरळीत चालावे म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळण्याची युक्ती थॉमस मिजली या अमेरिकन तंत्रज्ञाने १९२१ मध्ये शोधून काढली होती. न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ते तयार करणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले. काही जण इतके हिंसक झाले, की त्यांना जखडून ठेवावे लागले. पाच जण दगावले, तीसहून अधिक जण रुग्णालयात गेले. लोकांनी त्या द्रव्याला ‘वेडा वायू’ असे नाव दिले. त्यावर मिजलीसाहेबांनी काय करावे? पत्रकारांना बोलावून ते द्रव्य आपल्या हातांवर ओतून घेतले आणि त्याचा वास घेऊन दाखवला. आदल्या वर्षी शिशाचीच बाधा झाल्याने ते स्वतः रजेवर गेले होते, ही गोष्ट वेगळी. पेट्रोलमधले शिसे राहिले आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या रस्त्यांवर धुरातून पसरत राहिले.

पण कारखान्यातले कामगार भरमसाट शिसे हुंगत होते. घराच्या भिंतीचा रंग चघळणाऱ्या किंवा रस्त्याची धूळ बोटांवरून पोटात नेणाऱ्या मुलांचे काय? बरीच वर्षे डॉक्टर समजत, की शिशाची बाधा झालेले मूल वाचले म्हणजे सुटले. १९४३ साली बॉस्टनच्या रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी अशा ‘बऱ्या झालेल्या’ वीस मुलांचा माग काढला. त्यांतली एकोणीस शाळेत टिकू शकली नव्हती. त्यांच्यात एकाएकी भडकून हात उगारणारी मुलेही होती.

दुधाच्या दातांची साक्ष

आपल्याकडे मुलाचा पडलेला दुधाचा दात कौलावर टाकायची रीत होती. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी मात्र तेच दात मागून घेतले. रक्त फक्त अलीकडच्या दिवसांचे सांगते. दातात मात्र सगळ्या बालपणाचा जमाखर्च असतो, हे त्यांनी ओळखले. बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. दुसरीकडे, कुणाच्या दातात किती शिसे आहे हे न सांगता शिक्षकांना मुलांच्या वागण्याबद्दल विचारले. १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातात जितके शिसे जास्त, तितके मूल चंचल, उतावळे, सांगितलेले न ऐकणारे आणि बुद्धीच्या चाचणीत मागे. यांतल्या एकाही मुलाला कोणत्याही डॉक्टरने आजारी म्हटले नव्हते.

नीडलमन यांना हे फुकट मिळाले नाही. शिसे उद्योगाच्या बाजूने साक्षीला उभ्या राहणाऱ्या तज्ज्ञांनी १९९१ मध्ये त्यांच्यावर संशोधनात गैरप्रकार केल्याचा आरोप केला. १९९२ साली पिट्सबर्ग विद्यापीठात त्याची सुनावणी झाली. आरोप टिकला नाही. त्यांनी काम पुढे चालवले आणि १९९६ साली पिट्सबर्गच्या ३०१ मुलांचा अभ्यास मांडला. या वेळी हाडांतले शिसे मोजले होते. ज्यांच्या हाडांत ते जास्त, त्यांच्या मारामाऱ्यांच्या आणि दांडगाईच्या तक्रारी जास्त. शिक्षक तसे म्हणत होते, आईबाप म्हणत होते आणि मुले स्वतःही कबूल करत होती.

तरीही एक शंका राहतेच. शिसे गरीब वस्तीत जास्त, भांडणतंटाही तिथे जास्त. मग दोष शिशाचा की गरिबीचा? याचे उत्तर शोधायला मुलाला जन्माआधीपासून गाठावे लागते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ते झाले. १९७९ ते १९८४ या काळात जुन्या, पडझडीला आलेल्या घरांच्या वस्तीतल्या गरोदर स्त्रियांची नोंद झाली. आईचे रक्त तपासले, मग मुलाचे, सहा-साडेसहा वर्षांचे होईपर्यंत पुन्हा पुन्हा. ही मुले विशी ओलांडू लागली, तेव्हा पोलिसांचे दप्तर उघडले. २००८ साली अडीचशे जणांचा हिशेब प्रसिद्ध झाला. आईची बुद्धिमत्ता, घरची परिस्थिती वगैरे गोष्टी जमेस धरूनही, सहाव्या वर्षी रक्तात दर शंभर मिलीलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसे जास्त असले, तर हिंसक गुन्ह्यांतल्या अटकेचे प्रमाण सुमारे दीडपट निघाले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. शिवाय यांपैकी काहींच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तर बालपणी शिसे जास्त असलेल्यांच्या कपाळामागच्या भागातला मेंदू काहीसा उणा दिसला आणि पुरुषांत तो अधिक उणा होता. हाच भाग माणसाला ‘थांब, जरा विचार कर’ असे सांगतो. राग सर्वांनाच येतो. गाडी चालू होण्यात गैर काही नाही, पण ब्रेक लागला पाहिजे. शिसे नेमका ब्रेक झिजवते.

दुसरी बाजू

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, गुन्ह्याचे मूळ सापडले. काही अर्थतज्ज्ञांना तसे वाटलेही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात पेट्रोलमधले शिसे कमी होऊ लागले आणि वीस-बावीस वर्षांनी, १९९१ नंतर, हिंसक गुन्हे झपाट्याने घटले. रिक नेव्हिन यांनी २००० साली आणि जेसिका रेयेस यांनी २००७ साली या दोन्ही आलेखांची जोडी जमवली. जोडी इतकी सुरेख जमते, की माझ्यासारख्या आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या माणसाला उलट तिचीच शंका येते. ताळेबंद पहिल्याच झटक्यात जुळला, तर एकदा पुन्हा बेरीज करावी, हा आमचा जुना धडा.

पुन्हा बेरीज झालीही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आयुष्यभर अभ्यास चालू आहे. त्या शहरात मोटारींचे शिसे श्रीमंत-गरीब सर्वांच्याच वाट्याला सारखे आले होते. तिथे बालपणीचे शिसे आणि पुढची गुन्हेगारी यांचा संबंध अगदी क्षीण निघाला. २०२२ साली सगळे अभ्यास एकत्र घेऊन केलेल्या एका हिशेबात अमेरिकेतल्या खुनांच्या घटीपैकी ७ ते २८ टक्के वाटा शिशाचा असावा, असे निघाले. म्हणजे शून्य नाही आणि सगळाही नाही. सिनसिनाटीतली मोजदाद अटकेची होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अटक म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे. ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरतात, तिथे अटकही जास्त होते.

मी यातून इतकेच घेतो, की शिसे माणसाला गुन्हेगार करत नाही. ज्या मुलाला घरी धाक आणि माया दोन्ही आहेत, चांगली शाळा आहे, पोटभर जेवण आहे, त्याचा झिजलेला ब्रेक बहुधा निभावून जातो. ज्याला यांतले काहीच नाही, त्याच्या उतारावर तोच ब्रेक घात करतो.

रक्ताचा जुना शिक्का

ही सावधगिरी मी उगाच बाळगत नाही. ‘रक्तातच आहे’ या समजुतीने महाराष्ट्रात काय केले आहे, ते आपल्याला माहीत आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो देशभर लावला. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींत जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार ठरले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या, रोजची हजेरी द्यावी लागली. कुणी काय केले हे कुणी विचारत नव्हते. कुणाच्या पोटी जन्मला एवढेच बघत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर संपला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. पण शिक्का पुसला गेला नाही, हे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने मराठी वाचकाला पुढे सांगितलेच.

म्हणून मला भीती वाटते, ती एका नव्या शिक्क्याची. उद्या कुणी शाळेत मुलांचे रक्त तपासावे आणि ‘याचे शिसे जास्त, हा पुढे मारामाऱ्या करणार’ म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवावे, तर इंग्रजांच्या हजेरीपुस्तकात आणि त्या कागदात फरक काय राहील? रक्ताच्या तपासणीचा उपयोग मुलाला ओळखण्यासाठी नसून, विष कुठून येते ते ओळखण्यासाठी आहे. वंशाचे रक्त बदलता येत नाही असे आपण मानत आलो. पण बाहेरून आलेले शिसे थांबवता येते, आणि या सगळ्या संशोधनात मला दिलासा वाटतो तो याच गोष्टीचा.

आपल्या घरात

ते थांबवता येते याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ साली चार महानगरांत मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच झाले. अल्जेरियाने २०२१ साली उरलेला साठा संपवला आणि जगातल्या सर्व देशांच्या पंपांवरून मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल गेले. मिजलीसाहेबांच्या युक्तीला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

पण शिसे पेट्रोलमधून गेले, तरी घरातून गेलेले नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शंभर मिलीलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे. जागतिक आरोग्य संघटना याच पातळीला कारण शोधून ते दूर करा, असे सांगते. अशी भारतातली मुले साडेसत्तावीस कोटींच्या घरात आहेत. शिशाची अमुक पातळी निर्धोक, असे आज कुणीच म्हणत नाही.

हे येते कुठून? पहिला मान बॅटऱ्यांचा. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत कारखान्यातच गेल्या पाहिजेत, असे नियम २००१ पासून आहेत आणि २०२२ साली ते नव्याने झाले. तरीही घरामागच्या शेडमधल्या कढया पुरत्या विझलेल्या नाहीत. दुसरा रंग. घरच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्याआधी दिलेला रंग आपल्या दारा-खिडक्यांवर अजून आहे आणि दिवाळीआधी तो खरवडला की त्याची धूळ घरभर होते. तिसरा शेंदूर. अस्सल पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग. गायकाला विड्यातून शेंदूर चारून त्याचा आवाज घालवल्याच्या ऐकीव कथा आपल्या जुन्या नाटकवाल्यांत सांगितल्या जात. शेंदूर पोटात जाऊ नये, एवढे जुन्या माणसांनाही कळत होते. चौथी गोष्ट हळद. ती पिवळीधमक दिसावी म्हणून शिशाचा पिवळा रंग चोळण्याची लबाडी चालते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या जवळपास निम्म्या नमुन्यांत तो सापडला. सरकारने छापे घातले, लोकांना सांगितले आणि २०२१ साली तो एकाही नमुन्यात राहिला नाही. दोन वर्षांत!

घरात करण्यासारखे फार अवघड काही नाही. जुना रंग कोरडा खरवडू नये, पाण्याने भिजवून काढावा, आणि त्या दिवशी मुलांना दुसरीकडे पाठवावे. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. जेवणापूर्वी मुलांचे हात धुवावेत. बॅटरी, छपाई, रंगकाम, डाग देण्याचे काम करणाऱ्या बापाने कपडे बदलून मगच मूल उचलावे. नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्ये पोटात असली तर शिसे कमी शोषले जाते. संशय असला तर डॉक्टरांना विचारून रक्तातले शिसे तपासून घ्यावे. मोठ्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते.

आणि घरातले, शेजारचे एखादे मूल फार तापट निघाले, तर ‘कुणावर गेलेय’ याचा शोध घेण्याआधी ते कुठे खेळते, काय चघळते, बापाच्या कपड्यांना कशाची धूळ असते, हेही एकदा बघावे.

माझी त्या गावाहून पुढच्याच वर्षी बदली झाली. तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. तो भट्टीवर बसत असेल, तर त्याची मुलेही कदाचित त्याच राखेत खेळून मोठी झाली असतील. बँकेच्या पाहणीच्या छापील नमुन्यात मालाला रकाना होता, यंत्रांना होता, तारणाला होता, मुलांना नव्हता. तो नमुना मी तयार केला नव्हता हे खरे, पण डोळे माझेच होते. आज पुन्हा तशा शेडसमोर उभे राहण्याची वेळ आली, तर लगडी मोजण्याआधी आजीच्या हातचा चहा घेईन आणि सांगेन, “आजी, आज्याला कशाला बोल लावता? आधी पोराला त्या राखेतून उठवा, आणि उद्या त्याचं रक्त तपासून आणा.”